संत लुई मार्टिन : विस्मृतीच्या आजारातील एक पिता आणि त्याची माणसे

पिरंगुट ओलांडून पौडच्या दिशेने निघाले की मुळशी तालुक्याचे बदलते रूप डोळ्यांत भरते. एका बाजूला भाताची खाचरे, दुसऱ्या बाजूला कारखाने आणि त्यांच्या मधोमध गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उभ्या राहिलेल्या उंच वसाहती. नोकरीधंद्याच्या निमित्ताने आलेली काही ख्रिस्ती कुटुंबे या परिसरात विखुरलेली आहेत. काही वर्षांपूर्वी अशाच एका कुटुंबाला भेट देण्याचा योग आम्हांला आला. घरातील आजोबा ऐंशीच्या पुढचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. मुलगा हिंजवडीत नोकरीला, दिवसभर बाहेर. सुनेने आपली नोकरी सोडलेली. दाराला आतून वरच्या बाजूस नवी कडी बसवलेली होती, कारण संध्याकाळ झाली की आजोबा जुनी पिशवी खांद्याला लावून ड्युटीवर जायला निघत.

आम्ही बसलो असताना त्यांनी आम्हांला गाडीची वेळ विचारली. आम्ही मोठ्या प्रेमाने त्यांना समजावून सांगितले की, आता ते निवृत्त झाले आहेत, त्यांना कोठेही जायचे नाही. त्यांचा चेहरा पडला, मग ते संतापले, मग रडू लागले. सुनेने त्यांना आत नेऊन शांत केले. परत आल्यावर चहाचे कप ठेवता ठेवता तिने हळूच विचारले की, पप्पांचा आपल्याला कधी कधी फार राग येतो, ते आता लवकर सुटावेत असेही मनात येते, हे पाप आहे का? आम्ही सेमिनरीत शिकलेल्या माणसाला साजेल असे उत्तर दिले. क्रूस उचलण्याविषयी, सहनशीलतेच्या कृपेविषयी चार वाक्ये बोललो. तिने मान हलवली, कप उचलले आणि ती आत गेली. त्या घरातून बाहेर पडताना आम्हांला कळून चुकले की, आपण तिचे ओझे हलके केले नाही, त्यावर आणखी एक दगड ठेवून निघालो आहोत.

त्या दिवसांत आम्ही एका पित्याचे चरित्र पुन्हा वाचायला घेतले. लिझ्यूच्या संत तेरेजाचे नाव आपल्या भाविकांना नवे नाही. अनेक घरांत गुलाबपुष्पे हाती घेतलेली तिची तसबीर असते. परंतु तिच्या वडिलांच्या आयुष्याची अखेरची सात वर्षे कशी गेली, हे आपण क्वचितच सांगतो. स्मृतिभ्रंश झालेल्या वडीलधाऱ्यांना सांभाळणाऱ्या कुटुंबांसाठी त्या वर्षांत फार मोठा ठेवा दडलेला आहे, असे आम्हांला वाटते.

घड्याळजी आणि गृहस्थ

लुई मार्टिन यांचा जन्म २२ ऑगस्ट १८२३ रोजी फ्रान्समधील बोर्दो शहरी झाला. वडील सैन्यात अधिकारी होते, त्यामुळे बालपण छावण्यांच्या सान्निध्यात गेले. १८३१ च्या सुमारास कुटुंब नॉर्मंडीतील आलाँसों या गावी स्थिरावले. लुईंनी घड्याळे तयार करण्याची व दुरुस्त करण्याची कला शिकून घेतली. एकांत, प्रार्थना व निसर्ग यांची त्यांना उपजत ओढ होती. १८४५ साली, बाविसाव्या वर्षाच्या आसपास, आल्प्स पर्वतातील सेंट बर्नार्ड मठाच्या दारी जाऊन त्यांनी प्रवेश मागितला. लॅटिन येत नसल्यामुळे त्यांना परत पाठवण्यात आले. घरी येऊन त्यांनी लॅटिन शिकण्याचा प्रयत्न केला, परंतु प्रकृतीने साथ दिली नाही. १८५० साली त्यांनी आलाँसोंमध्ये घड्याळांचे दुकान थाटले. रविवारी गिऱ्हाईक दारात आले तरी ते दुकान उघडत नसत.

त्याच गावात झेली गेरँ ही तरुणी आलाँसोंची सुप्रसिद्ध लेस विणून घेण्याचा व्यवसाय करीत होती. तिलाही धर्मभगिनी होण्याची इच्छा होती व तिलाही नकार मिळाला होता. १३ जुलै १८५८ रोजी या दोघांचा विवाह झाला. त्यांना नऊ अपत्ये झाली. चार बालपणीच दगावली. मारी, पोलीन, लिओनी, सेलीन आणि तेरेजा या पाच मुली राहिल्या. झेलीचा व्यवसाय वाढला तेव्हा १८७० साली लुईंनी आपले दुकान पुतण्याभाच्यांपैकी एकाच्या हाती सोपवले आणि ते पत्नीच्या कामाचे हिशेब व प्रवास पाहू लागले. त्या काळात पत्नीच्या धंद्यासाठी आपला धंदा सोडणारा पती विरळाच म्हणावा लागेल.

२८ ऑगस्ट १८७७ रोजी झेलीचे स्तनाच्या कर्करोगाने निधन झाले. धाकटी तेरेजा तेव्हा साडेचार वर्षांची होती. मुलींना मामामामींचा आधार मिळावा म्हणून लुईंनी आपले मित्र, आपले गाव व आपल्या सवयी सोडल्या आणि ते लिझ्यू येथे राहायला गेले. झेलीचे बंधू इझिदोर गेरँ तेथे औषधविक्रेते होते. ले ब्युसोने नावाच्या, बाग असलेल्या घरात चौपन्न वर्षांच्या या विधुराने मुलींना वाढवले. त्यांना फिरायला नेणे, मासे पकडायला बसणे, संध्याकाळी वाचून दाखवणे हा त्यांचा दिनक्रम होता. एकामागून एक मुली कार्मेल मठात गेल्या. पोलीन १८८२ मध्ये, मारी १८८६ मध्ये. १८८७ च्या पेन्टेकॉस्टच्या सणाला चौदा वर्षांच्या तेरेजाने मठात जाण्याची परवानगी मागितली, तेव्हा त्यांनी बागेच्या भिंतीवरचे एक लहानसे पांढरे फूल मुळासकट उपटून तिच्या हाती दिले. ९ एप्रिल १८८८ रोजी तीही गेली.

काळोखाची चाहूल

तेरेजाने परवानगी मागितली, त्याच्या चारच आठवडे आधी, १ मे १८८७ रोजी, लुईंना पक्षाघाताचा पहिला झटका आला होता. त्यातून ते सावरले, रोमची यात्राही करून आले. परंतु मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार थांबला नव्हता. विसरणे वाढले. विनाकारण अस्वस्थता येऊ लागली. सगळ्यांपासून दूर कोठेतरी एकांतात जाऊन राहावे, असा विचार त्यांच्या मनात घर करू लागला.

२३ जून १८८८ रोजी ते कोणालाही न सांगता घरातून निघून गेले. घरी होती एकोणीस वर्षांची सेलीन, लिओनी आणि मोलकरीण. चार दिवस त्यांचा ठावठिकाणा नव्हता. ल हाव्र या बंदरातून त्यांची एक तार आली, पण तीवर पत्ता नव्हता. सेलीन मामांना घेऊन त्या शहरात गेली आणि २७ जूनला टपाल कचेरीत तिला वडील सापडले. या चार दिवसांतच शेजारच्या घराला आग लागली व ले ब्युसोनेही थोडक्यात बचावले. ज्यांच्या घरातील वृद्ध व्यक्ती एकदा तरी अशी हरवली आहे, त्यांना त्या चार दिवसांविषयी अधिक काही सांगण्याची गरज नाही. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या अस्तु या मराठी चित्रपटातील संस्कृत पंडित असेच बाजारातून हत्तीच्या मागोमाग निघून जातात आणि त्यांची मुलगी शहरभर त्यांना शोधत फिरते. देश, काळ व भाषा बदलली तरी ही धावपळ तीच आहे.

पुढच्या काही महिन्यांत आजाराचे झटके वारंवार आले. मधल्या काळात ते अगदी पूर्वीसारखे दिसत, आणि घरच्यांची हीच मोठी फसगत होई. १० जानेवारी १८८९ रोजी तेरेजाच्या वस्त्रग्रहण सोहळ्यात त्यांनी तिला आपल्या हाताच्या आधाराने वेदीकडे नेले. सर्वांना हायसे वाटले. त्यानंतर जेमतेम महिना गेला. १२ फेब्रुवारीच्या सुमारास त्यांना भास होऊ लागले. आपल्यासमोर लढाई चालली आहे, कत्तल होत आहे, असे त्यांना दिसू लागले. छावणीत वाढलेल्या त्या पित्याने मुलींच्या रक्षणासाठी पिस्तूल हाती घेतले. ज्यांच्या रक्षणासाठी ते उठले होते, त्यांनाच त्यांच्यापासून धोका निर्माण झाला. त्याच दिवशी त्यांना फिरायला नेण्याच्या बहाण्याने घराबाहेर काढण्यात आले आणि काँ शहरातील बाँ सोव्हर या मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले.

दूर ठेवण्याची वेदना

त्या रुग्णालयाची व्यवस्था धर्मभगिनी पाहत असत. तरीही त्या काळी वेड्यांचे रुग्णालय या शब्दांना जो डाग होता, तो संपूर्ण कुटुंबाला लागला. गावात कुजबुज सुरू झाली. मुली एकामागून एक मठात गेल्या म्हणून बापाचे डोके फिरले, लाडक्या धाकटीच्या जाण्याने तो खचला, असे लोक बोलू लागले. मठाच्या जाळीआड असलेल्या सोळा वर्षांच्या तेरेजाच्या कानांवर हे शब्द पडत होते आणि ती वडिलांना भेटायलाही जाऊ शकत नव्हती.

सेलीन व लिओनी वडिलांच्या मागोमाग काँ येथे गेल्या आणि धर्मभगिनींच्या एका घरात राहू लागल्या. आठवड्यातून एकदाच भेटीची मुभा होती, पण ख्यालीखुशाली विचारायला त्या रोज रुग्णालयाच्या दारी जात. तीन महिन्यांनी त्यांना लिझ्यूला परत यावे लागले. पुढे मामामामींच्या घरी राहून त्या आठवड्यातून एकदा आगगाडीने भेटीला जात. जून १८८९ मध्ये मालमत्तेचा कारभार सोडून देत असल्याच्या कागदावर लुईंची सही घेण्यात आली. कायदेशीर दृष्ट्या ते आवश्यक होते. परंतु त्या क्षणी ते शुद्धीवर होते. आपल्या मुलांनीच आपल्याला टाकले, असे वाटून ते ढसाढसा रडले. त्याच वर्षीच्या नाताळात ले ब्युसोनेचे भाडेपत्र संपले व ते घर सोडावे लागले. आता परत यायचे म्हटले तरी पूर्वीचे घर उरले नव्हते. मुळशी धरणाच्या पाण्याखाली ज्यांच्या पूर्वजांची गावे गेली, त्या आपल्या तालुक्यातील माणसांना या दुःखाची जात ओळखता येईल. आजारी वृद्ध घरी जायचे असा हट्ट धरतात, तेव्हा त्यांच्या मनातले घर बहुधा असेच कोठेतरी खोल पाण्याखाली गेलेले असते.

सप्टेंबर १८९० मध्ये तेरेजाच्या अवगुंठन सोहळ्याला वडिलांना थोड्या वेळासाठी आणावे, असा बेत सेलीनने केला होता. ऐन वेळी मामांनी तो रद्द केला. गर्दी, भावनांचा ताण आणि त्यातून उद्भवू शकणारा झटका यांचा त्यांनी विचार केला. तेरेजाला अश्रू आवरले नाहीत. येथे कोण बरोबर व कोण चूक? प्रेम करणारी दोन माणसे एकाच रुग्णाविषयी परस्परविरुद्ध निर्णय घेऊ शकतात. आज अनेक घरांत भावाभावांत, नणंदभावजयांत याच प्रश्नांवरून अबोला धरला जातो. लग्नाला आजींना न्यायचे की नाही, त्यांना संस्थेत ठेवायचे की घरी, त्यांच्या बँकेच्या कागदांवर कोणी सही करायची? मार्टिन व गेरँ कुटुंबांतही असे प्रसंग आले. तथापि त्यांनी एकमेकांची साथ सोडली नाही.

रुग्णालयातील लुईंविषयी जे समजते त्यावरून त्यांची शुद्ध येत-जात होती. घरून आलेला खाऊ ते इतर रुग्णांना वाटत. प्रकृती बरी असेल तेव्हा ते ख्रिस्तप्रसाद स्वीकारीत. एकदा त्यांनी डॉक्टरांना सांगितले की, आजवर आपल्याला आज्ञा करण्याचीच सवय होती, आता आज्ञा पाळण्याची पाळी आली आहे. आपली अवस्था त्यांना कळत होती. स्मरणशक्ती गेली म्हणजे माणूस गेला असे आपण धरून चालतो, आणि त्याच्यादेखत त्याच्याविषयी तो तेथे नसल्यासारखे बोलू लागतो. लुई मार्टिन यांचे हे उद्गार आपल्याला सावध करतात.

घरी परत

१० मे १८९२ रोजी, तीन वर्षे व तीन महिन्यांनंतर, लुई लिझ्यूला परतले. पाय लुळे पडल्यामुळे आता ते निघून जाण्याची भीती उरली नव्हती. दोनच दिवसांनी त्यांना कार्मेल मठाच्या भेटघरात नेण्यात आले. तिन्ही मुलींशी ती त्यांची अखेरची भेट ठरली. निघताना ते फारसे बोलू शकले नाहीत. त्यांनी बोट वर करून स्वर्गाकडे निर्देश केला, एवढेच.

मामांच्या घराजवळ एक घर भाड्याने घेऊन सेलीन व लिओनी यांनी वडिलांना तेथे ठेवले. उचलण्या-बसवण्यासाठी एक नोकर ठेवला. चाकांच्या खुर्चीतून त्यांना बागेत नेले जाई. जून १८९३ मध्ये लिओनी पुन्हा मठात प्रवेश करण्यासाठी गेली आणि घराची जबाबदारी सेलीनवर आली. ती तेव्हा चोवीस वर्षांची होती. तिला विवाहासाठी मागणी आली होती व ती तिने नाकारली होती. कॅनडात नवे सेवाकार्य उभारण्याचे निमंत्रण तिला एका येशूसंघीय धर्मगुरूकडून आले होते. स्वतः तिच्या मनात कार्मेलची ओढ होती. या सर्व वाटा तिने वडिलांसाठी थांबवून ठेवल्या.

मे १८९४ मध्ये लुईंना पक्षाघाताचा आणखी एक तीव्र झटका आला व पुढच्याच आठवड्यात हृदयविकाराचा. उन्हाळ्यात त्यांना गेरँ कुटुंबाच्या ला म्यूस येथील वाड्यात नेण्यात आले. तेथेच रविवार, २९ जुलै १८९४ रोजी, सेलीन उशाशी असताना, सत्तराव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. सहा आठवड्यांनी, १४ सप्टेंबरला, सेलीन कार्मेल मठात दाखल झाली. तेरेजा १८९७ साली निवर्तली व १९२५ साली तिला संतपद बहाल झाले. वडिलांच्या आजाराच्या काळाविषयी तिने आपल्या आत्मचरित्रात लिहिले, आणि सेलीनने पुढे वडिलांचे चरित्र लिहिले. लुई व झेली या दांपत्याला १९ ऑक्टोबर २००८ रोजी धन्यवादित घोषित करण्यात आले. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्या दोघांना एकत्रितपणे संतपद दिले.

या आजाराला नाव मिळाले तेव्हा

लुईंच्या निधनानंतर बारा वर्षांनी, १९०६ साली, जर्मन डॉक्टर अलोइस अल्झायमर यांनी आपल्या एका स्त्री रुग्णाच्या मेंदूतील बदलांचे वर्णन मांडले आणि १९१० साली त्या आजाराला त्यांचे नाव मिळाले. लुईंचा विकार रक्तवाहिन्यांशी संबंधित होता. आजच्या भाषेत त्याला रक्तवाहिन्यांच्या विकारातून उद्भवणारा डिमेन्शिया म्हणता येईल. अल्झायमर हा डिमेन्शियाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार आहे, परंतु एकमेव नव्हे. भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोक या विकाराने ग्रस्त असावेत, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरील अभ्यासात मांडला गेला.

साठी बुद्धी नाठी असे म्हणून आपण या लक्षणांकडे दुर्लक्ष करतो. काही ठिकाणी तर बाहेरची बाधा, करणी, पूर्वीच्या पापाचे फळ असेही बोलले जाते. हा मेंदूचा आजार आहे व तो कोणाचाही अपराध नाही, हे प्रत्येक व्यासपीठावरून सांगितले गेले पाहिजे. विसरण्यामागे थायरॉइडचा दोष, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा नैराश्य असू शकते आणि त्यांवर उपचार होऊ शकतात. म्हणून तपासणी लवकर करून घ्यावी. रक्तदाब व मधुमेह आटोक्यात ठेवणे, कमी ऐकू येत असल्यास श्रवणयंत्र वापरणे, तंबाखू सोडणे, माणसांत मिसळणे यांमुळे धोका कमी होतो. बहुतेक प्रकारचा डिमेन्शिया मात्र आज पूर्ण बरा करता येत नाही. औषधांनी काही लक्षणे सौम्य होतात. बाकीचा भार सेवेवर पडतो, आणि सेवा करणाऱ्या माणसावर.

सेलीनला कोण सांभाळत होते?

हे सर्व वाचून झाल्यावर आम्ही मुळशीतील त्या घरी पुन्हा गेलो. या वेळी उपदेश करायचा नाही, असे ठरवूनच गेलो. सुनेला आम्ही आमची चूक सांगितली. राग येणे, थकून जाणे, सुटका व्हावी असे वाटणे ही दमलेल्या शरीराची व मनाची हाक आहे, तो प्रेमाचा अभाव नव्हे, एवढे बोललो. मग लुई मार्टिन यांची हकिगत सांगितली. तिने सगळे शांतपणे ऐकले आणि एकच प्रश्न विचारला. सेलीन वडिलांना सांभाळत होती, पण सेलीनला कोण सांभाळत होते?

इतकी वर्षे ते चरित्र वाचूनही हा प्रश्न आम्हांला सुचला नव्हता. घरी आल्यावर आम्ही त्याच दृष्टीने पुन्हा पाने चाळली, आणि उत्तर सापडले. मामांनी पैसे, कागदपत्रे व डॉक्टर यांची बाजू सांभाळली. मामीने आपल्या घरात जागा दिली. मामेबहिणींनी तिला एकटे पडू दिले नाही. अंगमेहनतीच्या कामाला नोकर होता. काँ येथे अनोळखी धर्मभगिनींनी दोन तरुण मुलींना आसरा दिला. आणि मठाच्या भिंतीआडून तेरेजा, पोलीन व मारी यांची पत्रे येत राहिली. तेरेजा भेटायला येऊ शकत नव्हती. ती लिहू शकत होती, आणि तिने लिहिले. सेलीनचे धैर्य मोठे होतेच, परंतु त्या धैर्याखाली अनेक हातांचा आधार होता.

कुटुंबाला द्यावयाच्या समुपदेशनाचे मर्म येथेच आहे, असे आम्हांला वाटते. समुपदेशक रुग्णाची स्मृती परत आणू शकत नाही. परंतु आजाराची पुढची पायरी कोणती असेल हे तो कुटुंबाला आधी सांगू शकतो. भास होणाऱ्या व्यक्तीशी वाद घालू नये, तिच्या भीतीला धीर द्यावा, हे शिकवू शकतो. भावंडांना एकत्र बसवून कोण काय करील हे ठरवून देऊ शकतो. रुग्णाला संस्थेत ठेवण्याचा निर्णय घ्यावा लागला तर तो त्याग नव्हे, हे पटवू शकतो. लुई मार्टिन तीन वर्षे रुग्णालयात होते आणि त्यांच्या मुली आठवड्यामागून आठवडे तेथे जात होत्या. आईवडिलांचा मान राखण्याची आज्ञा त्या पाळत नव्हत्या, असे कोण म्हणेल?

आपल्या राज्यातही आता दारे उघडू लागली आहेत. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून देशात कार्यरत आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आणि मानसिक आरोग्यासाठी २०२२ पासून १४४१६ ही टेली-मानस सेवा आहे. काळजी घेणाऱ्या व्यक्तीने स्वतःसाठीही हा फोन करावा, त्यात कमीपणा नाही. तथापि मुळशीसारख्या पसरलेल्या तालुक्यात, जिथे एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत दऱ्याडोंगर आहेत, तिथे तज्ज्ञ प्रत्येक दारी पोहोचणार नाही. तेथे शेजारी पोहोचू शकतो. धर्मग्रामातील एखाद्या निवृत्त शिक्षिकेने आठवड्यातून दोन तास रुग्णाजवळ बसावे. कोणी तरुणाने बँकेच्या व पेन्शनच्या कामाला सोबत जावे. कोणी रोज संध्याकाळी पाच मिनिटे फोन करावा. धर्मगुरूने ख्रिस्तप्रसाद घेऊन जावे, आणि जुनी गीते व लहानपणी पाठ झालेल्या प्रार्थना रुग्णाबरोबर म्हणाव्यात. बाकी सर्व पुसले गेले तरी त्या पुष्कळदा शेवटपर्यंत ओठांवर राहतात.

त्या घराजवळच राहणाऱ्या दोन कुटुंबांशी आम्ही बोललो. त्यातील एक ख्रिस्ती, दुसरे हिंदू. दर मंगळवारी व शुक्रवारी दुपारी कोणीतरी आजोबांजवळ येऊन बसू लागले. पहिल्या शुक्रवारी सुनेने काय केले, हे तिने आम्हांला नंतर सांगितले. ती कोठेही गेली नाही. शेजारच्या खोलीचे दार लावून घेऊन ती दोन तास झोपली.

पुढच्या भेटीत आम्ही निघत असताना आजोबांनी पिशवी सावरत आम्हांला पुन्हा गाडीची वेळ विचारली. या वेळी आम्ही त्यांच्याजवळ बसलो आणि सांगितले की, गाडी वेळेवर आहे, अजून अवकाश आहे, तोवर चहा घेऊ या. ते समाधानाने हसले व पिशवी त्यांनी खाली ठेवली. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने आणखी एक कप भरला, आणि स्वतःसाठीही घेऊन आमच्यात येऊन बसली.

संत लुई व संत झेली यांचा सण १२ जुलै रोजी येतो. त्या दिवशी आपल्या धर्मग्रामातील अशा एका घराचे दार आपण ठोठवावे, आणि आत गेल्यावर बोलण्याआधी थोडे ऐकावे, ही आमची सर्व वाचकांना नम्र विनंती. विस्मृतीच्या छायेत जगणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना आणि त्यांच्या उशाशी जागणाऱ्या प्रत्येक सेलीनला प्रभू आपल्या शांतीचा अनुभव देवो.